फणीला डाग नव्हता

माझं सगळं आयुष्य लोकांच्या बुडाखाली गेलं. हे वाक्य बायकोला आवडत नाही, पण त्यात खोटं काही नाही. कुणी इंजिनाचा मिस्त्री असतो, कुणी वायरिंगचा, कुणी पत्रा ठोकणारा. मी शॉकअपचा. चाक खड्ड्यात गेलं की दणका खालच्या खाली जिरवायचा, वर बसलेल्याच्या कण्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते चोख झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इंजिनवाल्याला लोक म्हणतात, “काय पळते गाडी!” पण “वा, काय सुंदर दणका बसला नाही!” असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. बिघडलं की मात्र गिऱ्हाईक कंबर धरून दारात हजर.

बऱ्हाणपुरात इतवाऱ्यात गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. आता हात कमी चालतो आणि तोंड जास्त, तरी सकाळी जाऊन बसल्याशिवाय चहा गोड लागत नाही. दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर आधी वाटलं, शॉकअपवर कोण वाचणार? मग एक गाडी आठवली. त्या गाडीपायी गावात माझी थोडी नाचक्की झाली होती आणि मी ती होऊ दिली होती. आता ज्याची परवानगी लागत होती त्याने दिली आहे, म्हणून लिहितो.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. शॉकअप म्हणजे दोन गोष्टी. बाहेर स्प्रिंग, आत तेलाची नळी. स्प्रिंग दणका गिळते आणि तेल तिला उड्या मारू देत नाही. नुसती स्प्रिंग असली तर गाडी एका खड्ड्यानंतर चार वेळा नाचेल. आमच्याकडच्या गिऱ्हाइकाला मात्र यातलं एकच कळतं, ते म्हणजे ‘कडक’. कडक म्हणजे मजबूत, नरम म्हणजे बिघडलेलं. एक जीपवाला होता, डोंगराकडच्या पाड्यांवर सवाऱ्या न्यायचा. त्याच्या मागच्या, स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पाट्यांत मी नको नको म्हणत असताना त्याने ट्रकचा जादा पाटा घालून घेतला. जीप भरलेली असली की ठीक. रिकामी परत येताना ती अशी उडायची की याचं डोकं टपाला लागायचं. शेवटी तो परतीला वाळूची पोती भरून आणायला लागला. बायकोला माहेरी सोडायला गेला तेव्हा ती अर्ध्या रस्त्यात उतरली आणि एसटीने पुढे गेली. तेव्हा कुठे तो पाटा निघाला.

नरम किती आणि कडक किती हे माणसाला विचारून कळत नाही, हे मी तेव्हापासून धरून चाललो. माणूस सवयीने बोलतो, भिडेने बोलतो. म्हणून मी केळ्यांना विचारायला लागलो. आमचा सगळा मुलूख केळीचा. केळीची जात अशी, की वाटेत दणका बसला तरी तेव्हा काही दिसत नाही. रात्र गेली की सालीवर काळा डाग उमटतो. शाहपूरच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीत माल नेहमी काळा पडायचा, तेव्हा मी पहिल्यांदा पिकत आलेल्या केळ्यांची फणी खोक्यात घालून मागे ठेवली, गाडी खराब रस्त्याने फिरवली आणि फणी घरी आणून टांगली. सकाळी केळ्यांनी सगळं सांगितलं. तेव्हापासून माझ्या हातचा मोठा जॉब फणीशिवाय बाहेर गेला नाही. इतवाऱ्यातले लोक हसायचे. “वसंता गाडी रिपेर करते का नाश्ता करते?” म्हणायचे. दोन्ही करत होतो. डाग पडलेली केळी घरीच खावी लागत, हाही बायकोच्या तक्रारींपैकी एक.

तर ती गाडी. निंबोल्याच्या रवीची. रवी गावापासून जवळच्या शाळेत मास्तर आहे आणि शाळेआधी, शाळेनंतर बापाची केळी बघतो. बाप म्हणजे आबा. आबांचा कणा गेला होता. जन्मभर केळीचे घड खांद्यावर वाहिलेले, त्यात एकदा पाटाच्या कडेला पाय घसरून पडले, तेव्हापासून काठी टेकत अंगणाच्या फाटकापर्यंत जाणं म्हणजे त्यांची यात्रा. शेत तर नाल्यापलीकडे. तिथे मोटार जात नाही, ट्रॅक्टरवर चढणं त्यांना होत नव्हतं. रवीने कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्यांच्यासाठी चार फुगऱ्या चाकांची ती मोटारसायकल आणली. शहरातले पर्यटक वाळूत उडवतात ना, ती. सीट बुटकी, पाय टाकला की बसता येतं. गावाने तिचं नाव घोडी ठेवलं. आबा तिच्यावर बसून बांधाबांधाने फिरायचे, मजुरांना हाका मारायचे, कुठल्या ओळीला पाणी पोचलं नाही ते बघायचे. दोन-तीन हंगाम ते पुन्हा शेतकरी झाले होते.

मग घोडीचा मागचा शॉकअप गेला. मागे एकच असतो तिला, मधोमध. तेल गळून गेलं, दांडा वाकला, मागचा भाग बसका झाला आणि घोडी शेडमध्ये उभी राहिली. तो शॉकअप कुठेच मिळेना. ज्या कंपनीची गाडी तिचं नावसुद्धा धड कुणाला वाचता येत नव्हतं. रवी इंदूरला जाऊन आला, फोनवर शोधून थकला. अख्खा पावसाळा गेला. मग तो माझ्याकडे आला.

“काका, काही पण करा, पण आबांना शेतात जाता आलं पाहिजे. ओट्यावर बसून बसून त्यांचं मन मरून राह्यलंय. मुझसे देखा नहीं जाता.”

रवी रडका माणूस नाही, पण त्या दिवशी तो पान्यांच्या ट्रेकडे बघत बोलत होता. मी म्हटलं, दुसऱ्या मॉडेलचा बसवू. बघू.

‘बसवू’ म्हणणं सोपं. शॉकअपला दोन टोकांना दोन डोळे असतात, त्यातून बोल्ट जातो. दोन्ही डोळ्यांतलं अंतर जुन्याइतकं लागतं. लांब झाला तर गाडीची शेपूट वर, तोंड खाली, आणि उतारावर माणूस हॅंडलवरून पुढे. आखूड झाला तर टायर वरच्या पत्र्याला घासतं. मी एका मोटारसायकलचा शॉकअप निवडला, तो लांबीला जवळजवळ जुळत होता. डोळ्याचं भोक मात्र बारीक. खराद्याकडून ते मोठं करून त्यात बसणारे नवे बुश, म्हणजे धातूच्या कड्या, करून घेतले. घोडी शहरात आणणं अवघड म्हणून मीच हत्यारांची पिशवी घेऊन निंबोल्याला जायला लागलो. रवी शाळेत असायचा. शेडसमोर बाजेवर आबा बसून बघायचे.

नवशिके मिस्त्री इथे एक चूक करतात. शॉकअप स्प्रिंगसकट बसवतात, गाडी उभी राहिली की झालं म्हणतात आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात काहीतरी मोडतं. मी आधी स्प्रिंग काढतो. नुसती नळी लावायची आणि मागचं चाक हाताने पार वर, पार खाली करून बघायचं. चेन कुठे घासते? बुश कुठे अडकतो? टायर कुठे लागतं? माझी चेन चाक धरणाऱ्या चिमट्याला लागत होती. एक जाड वायसर घालून ते निस्तरलं. मग स्प्रिंग चढवली.

आबांना यातलं सगळं कळत होतं असं नाही, पण त्यांना बघायला आवडायचं. “तू गाडीचं हाड बसवून राह्यला,” असं ते म्हणाले. मी म्हटलं, “हाडवैद्यच समजा.” ते हसले आणि हसता हसता त्यांनी बाजेची कड घट्ट धरली. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

पहिल्या दिवशी आबांना बसवून अंगणातच एक चक्कर मारायला लावली. उतरले आणि म्हणाले, “कडक लागते, वसंता.”

मला आनंदच झाला. एवढ्या वर्षांत कडक नको म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक! स्प्रिंगच्या बुडाशी खाचांची एक चकती असते, ती उतरवली. लोक समजतात ती चकती फिरवली की शॉकअप नरम-कडक होतो. खरं म्हणजे गाडीची बसक तेवढी खाली-वर होते. म्हणून मग स्प्रिंगच बदलली, कमी ताकदीची आणली. पुन्हा चक्कर. “अजून कडक हाये.” नळी उघडून पातळ तेल भरलं. टायरमधली हवा कमी केली, कारण फुगरं टायर हाच खरा पहिला शॉकअप असतो. पुन्हा चक्कर. आबा उतरताना म्हणाले, “दणका लागते रे.”

आता मला राग यायला लागला होता. आबांचा नाही, शॉकअपचा. याच्यापुढे नरम केलं तर तो खड्ड्यात तळाला टेकला असता. शेवटी मी केळ्यांना विचारायचं ठरवलं. आबांच्याच घरातली पिकत आलेली फणी खोक्यात घालून घोडीच्या मागे बांधली आणि स्वतः बसून निघालो. नाल्यातून गेलो, बांधावरून गेलो, नांगरलेल्या रानात ढेकळांवरून आडवी-उभी फिरवली. घोडी पाण्यावरच्या नावेसारखी चालली होती. हे काम माझ्या चांगल्या कामांपैकी एक होतं, हे सांगायला मी आजही कुणाला भिणार नाही. फणी तिथेच शेडच्या वाशाला टांगून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा आबा बाजेवर नव्हते, शेडमध्ये फणीखाली उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने वासा धरलेला. मी फणी उतरवून उजेडात नेली. एकेक केळ फिरवून बघितलं. पिवळंधमक. कुठे डाग म्हणून नव्हता.

मी आबांकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते.

“आबा,” मी म्हटलं, “गाडीत दणका नाही.”

“नाही ना,” ते म्हणाले. “माहीत हाये मले.”

त्यांना धरून बाजेवर बसवलं. बसतानाच त्यांच्या कपाळावर घाम आला. तेव्हा मला कळलं की पावसाळाभर घोडी उभी होती तेव्हा आबांच्या कण्याची झीज थांबली नव्हती, ती पुढे जात राहिली होती. घोडी बंद म्हणून आबा घरी, असं सगळ्यांना वाटत होतं. आबांनी ते वाटू दिलं होतं.

“डॉक्टरला दाखवलं?”

“दाखवलं. गोळ्या देल्या. म्हणे हाडं झिजली, या वयात कापाकापी नाही, आता धक्का खायचा नाही. रवीले मी निम्मंच सांगितलं.”

“पूर्ण सांगा मग.”

आबा काठीच्या टोकाने माती उकरायला लागले.

“वसंता, घोडी बिघडली म्हणून मी घरी बसलो तं लोकं घोडीले शिव्या देतात. मी बिघडलो म्हणून बसलो तं अख्खं गाव भेटाले येईन. ओट्यावर रोज एकजण येऊन तोंड पाडून बसेन. अन् माझा रवी शाळा सोडून माझ्यापाशी बसेन. त्याचा स्वभाव तुले माहीत नाही. त्यानं माझ्यासाठी किती केलं! त्याले मी कसा सांगू, की बाबा, तू आणलेली घोडी चांगली हाये, पण बसणारा खलास झाला?” मग माझा हात धरला. “तू सांग ना त्याले, हे व्हत नाही म्हणून. तुझा शब्द तो मानते.”

मी हात सोडवून घेतला नाही, पण मला ते आवडलं नाही, हे खरं सांगतो. त्यांच्या दुखण्याचं वाईट वाटलंच, पण माझ्या कामाचंही वाटलं. इतका सुरेख बसलेला जॉब, आणि तो फसला म्हणून मीच सांगायचं! मी म्हटलं, “आबा, दुसरं काहीही सांगा.” ते म्हणाले, “दुसरं काही नाही मागाले.” मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

संध्याकाळी रवी शाळेतून आला. मोटारसायकल उभी करायच्या आतच विचारलं, “झालं काका?”

“नाही रे,” मी म्हटलं. “हे होत नाही. दुसऱ्या मॉडेलचा शॉकअप हिला सोसत नाही. मागून डोलते. आबांना बसवलं तर उतारावर उलटेल.”

“मग तिसऱ्या मॉडेलचा? मी आणतो ना. आप बस नाम बोलो.”

“कुठलाच नाही चालणार. हिचा सांगाडाच तसा आहे.”

रवी आधी माझ्याकडे आणि मग घोडीकडे बघत राहिला. म्हणाला, “इंदूरला टेम्पोत घालून नेतो.”

“पुरे आता,” बाजेवरून आबा बोलले. “भंगारापायी किती धावशीन? राहू दे तिले तशीच उभी.”

रवी माझी पिशवी उचलून फाटकापर्यंत आला. तो सरळ मुलगा, टाकून बोलला नाही. एवढंच म्हणाला, “तुमच्यावर फार भरोसा होता, काका.” मी गाडीला किक मारली.

बातमी माझ्याआधी इतवाऱ्यात पोचली. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, वसंताचा हात गेला आता, नव्या गाड्या त्याला जमत नाहीत. दोन-चार पोरांनी आपल्या मोटारसायकली दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मी साखर ढवळत ऐकून घ्यायचो. बायकोला तेवढं खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, “लोकांच्या तोंडाला शॉकअप नसतो.” या घरात विनोद फक्त मीच करतो अशी माझी समजूत होती, ती त्या दिवशी गेली.

आबांना हवं तसंच झालं. लोक ओट्यावर येत आणि घोडीला, तिच्या कंपनीला आणि मला नावं ठेवून, चहा पिऊन जात. रवीची शाळा सुटली नाही. तो रोज संध्याकाळी शेतातल्या ओळींचा व्हिडिओ काढून आणायचा आणि आबा फोन डोळ्यांजवळ धरून त्याला पाणी, खत, केळीच्या बुडाशी फुटलेली पिल्लं कुठली कापायची ते सांगायचे. मी अधूनमधून जात असे. मी आलो की आबा सगळ्यांसमोर मुद्दाम म्हणायचे, “या, घोडी बिघडवणारे!” आणि डोळे मिचकवायचे. आणखी काही हंगाम काढून ते गेले, झोपेतच गेले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी रवीचा फोन आला. खंडव्याकडचा एकजण घोडी विकत घ्यायला येणार होता. “काका, तुम्ही समोर या. ती उलटते ते त्याला साफ सांगून टाका. नंतर आपल्याला शिव्या नकोत.”

वाटेत मी ठरवत गेलो की गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगू. पण मी पोचलो तेव्हा शेड रिकामं होतं. त्या माणसाने येतानाच बॅटरी आणली होती आणि रवी नको नको म्हणत असताना तो घोडी घेऊन शेतात निघूनही गेला होता. रवी बांधावर उभा राहून ओरडत होता, “अरे भाईसाब, संभल के! पलटती है!”

आम्ही दोघं बघत होतो. घोडी नाल्यात उतरली, वर आली, बांधावरून पळाली, नांगरलेल्या रानातून आडवी गेली. कुठे डोलली नाही, कुठे उडाली नाही. तो माणूस वळून आला तो हसतच.

“किसने बोला पलटती है? ये तो मक्खन है!”

रवीचं ओरडणं केव्हाच थांबलं होतं. त्याने वाकून मागचा शॉकअप बघितला, मी बसवलेला, माझ्या खराद्याच्या बुशांसकट. हात लावून बघितला. मग उभा राहिला.

“काका, ही चालते.”

“हो.”

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून.”

त्याला वेळ लागला नाही. शाळेत गणित शिकवतो तो. “आबांनी सांगितलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला. तो विचारत नव्हता, तरी मी हो म्हटलं.

“फार दुखायचं त्यांना?”

खोटं बोलायची माझी कुवत तेवढ्या एका वेळेपुरतीच होती. मी म्हटलं, “फार.”

रवी घोडीच्या सीटवर टेकला. “घोडी उभी राहिल्यावर मी त्यांना दोनदा मोटारसायकलवर मागे बसवून शेतात नेलं, काका. ते नको म्हणत होते. मीच म्हटलं, चला, बसून बसून अंग आखडते.” तो तळहात चोळत राहिला. “काही बोलले नाहीत. परत आल्यावर म्हणाले, केळी झ्याक झाली, रवी.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो माणूस जरा लांब उभा राहून आमच्याकडे बघत होता. आम्ही दर वाढवायचं ठरवतोय असं त्याला वाटलं असावं. शेवटी न राहवून त्याने विचारलं, “क्या बात है भैया? गाड़ी में कुछ खोट है क्या?”

रवीने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि सीटवरून उठला.

“नहीं भाईसाब, गाड़ी में कोई खोट नहीं है,” तो म्हणाला. “हमारे काका ने बनाई है.”